एकदाच जायचं म्हणून सगळंच बघायचं?

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या ताई कोल्हापूरच्या, वय ६१. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झाल्या. यजमान ६६ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. त्यांना मधुमेह आहे, पण फिरायची हौस दांडगी आणि बर्फाचे डोंगर बघायची फार ओढ. दोघांनी युरोपसाठी म्हणून ठेवलेली आठ लाखांची ठेव आता सुटली आहे. यजमानांनी एका टूर कंपनीची १४ दिवसांची सहल पसंत केली आहे. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, ऑस्ट्रिया, इटली आणि व्हॅटिकन असे त्यात नऊ देश. ‘आयुष्यात एकदाच जाणार, तर सगळं बघून येऊ,’ असं त्यांचं म्हणणं. पुण्याची मुलगी म्हणते, ‘बसमधून पळत पळत काय बघणार? मी सगळं बुकिंग करून देते, तुम्ही दोघंच जा.’ ताईंचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी, इंग्रजी वाचता येतं पण बोलायला जीभ रेटत नाही. टूर घ्यावी की आपलं आपण जावं, आणि देश कोणते निवडावेत, असं त्या विचारतात. शेवटी लिहितात, ‘मला फ्लॉरेन्स बघायचं होतं. वर्गात इतक्या वेळा शिकवलं. पण हे मी घरात अजून बोललेले नाही. या वयात स्वतःच्या हौसेवर एवढा खर्च करावा का, हेही कळत नाही.’

प्रिय ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि मनातली गोष्ट पत्राच्या शेवटी लिहिलीत. मी तिथूनच सुरू करते. यजमानांना काय हवंय हे तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीचं मतही ठाऊक आहे. तुम्हाला फ्लॉरेन्स बघायचंय हे मात्र माझ्यासारख्या परक्या बाईला आधी कळलं. ठेव दोघांची, प्रवास दोघांचा. तेव्हा टूर की स्वतंत्र, इटली की स्वित्झर्लंड, या सगळ्याच्या आधी एक करा. एखाद्या निवांत संध्याकाळी चहा घेताना सांगा, ‘अहो, मला फ्लॉरेन्सला जायचंय, आणि तिथे चार दिवस राहायचंय.’ रुसवा नको, भांडणाचा सूर नको. कदाचित ते म्हणतील, ‘मग आधी का नाही बोललीस?’ पुष्कळ घरांत असंच चालतं. बायको काही बोलत नाही म्हणून नवरा ठरवून टाकतो, आणि त्याने ठरवून टाकलंय म्हणून ती बोलत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर ही ठेव तुम्ही दोघांनी याच कामासाठी बाजूला काढली होती. दुखण्याखुपण्याची तरतूद वेगळी असेल तर यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. फक्त आठच्या आठ लाख सहलीत घालू नका. दीडेक लाख मागे राहू द्या. तिकडे काही अडचण आली तर हाताशी असतील, नाही आली तर परत ठेवीत जातील.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळू. एलटीसी (नोकरीतली प्रवासाची सवलत) मिळाली की पोराबाळांना घेऊन काश्मीर, पुढच्या वेळी कन्याकुमारी, अशा सहली ज्या पिढीने केल्या, तिला ‘गेलोच आहोत तर सगळं बघून येऊ’ असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण सगळं म्हणजे किती? युरोपात चाळीसहून जास्त देश आहेत. नऊ केले तरी तीस उरतातच. म्हणजे कुठलीही टूर घेतली तरी निवड ही होणारच. ती छापील कार्यक्रमाने करायची की तुम्ही दोघांनी, एवढं ठरवायचं आहे.

तो कार्यक्रम एकदा पेन्सिल घेऊन दोघांनी मिळून वाचा. आधी नऊ देशांकडे बघा. लिश्टेनश्टाइनचं सगळं क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, आपल्याकडच्या तालुक्याहून लहान. तिथे बस तासभर थांबते. व्हॅटिकन तर रोम शहराच्या पोटातच आहे, अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही कमी. म्हणजे उरले सात. पॅरिसपासून ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, ब्लॅक फॉरेस्ट, ल्युसर्न, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स करत रोम, हा रस्ता अडीच हजार किलोमीटरच्या वर जातो. तो सगळा बसने. त्यात युरोपातल्या बसचालकाला दिवसाला साधारण नऊच तास गाडी चालवायची परवानगी असते, साडेचार तासांनंतर पाऊण तास विश्रांती सक्तीची, आणि हे सगळं बसमधल्या यंत्रात नोंदलं जातं. त्यामुळे टूर मॅनेजर सारखा घड्याळ दाखवतो, पाच मिनिटं उशीर झाला तरी त्याचा जीव वरखाली होतो. त्याचाही इलाज नसतो. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये, हा सहा-सात-आठचा पाढा रोज. बॅग दर एक-दोन दिवसांनी भरायची. हॉटेल बऱ्याचदा शहराबाहेर, हमरस्त्यालगत.

मग प्रत्येक स्थळापुढचे शब्द बघा. ‘आत प्रवेश’ कुठे लिहिलंय, ‘बाहेरून दर्शन’ कुठे, ‘फोटो स्टॉप’ कुठे, ‘पॅनोरमिक’ कुठे. अशा धावत्या टूरमध्ये फ्लॉरेन्स हे व्हेनिसहून रोमला जाताना वाटेत दोन-तीन तासांचं असतं. तेवढ्यात सिन्योरिया चौकात मायकेलअँजेलोचा डेव्हिड दिसतो, पण तो मूळ पुतळा नव्हे. मूळ डेव्हिड १५०४ सालचा, पाच मीटरहून उंच. तो १८७३ मध्ये चौकातून हलवून अकादेमिया संग्रहालयात नेला आणि चौकात पुढे प्रतिकृती उभी केली. अकादेमिया तिथून दहा-पंधरा मिनिटांच्या वाटेवर आहे, पण त्याला वेळेचं तिकीट लागतं आणि बस काही तेवढं थांबत नाही. ज्या बाईने वर्षानुवर्षं प्रबोधनकाळ शिकवला, तिला प्रतिकृतीपुढे फोटो काढून परत बसमध्ये बसायला लावणं मला तरी पटत नाही.

तरीही टूरला नावं ठेवू नका, आणि लेकीलाही ठेवू देऊ नका. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्याला सोबत मराठी बोलणारी माणसं, संध्याकाळी गरम वरण-भात, व्हिसाची कटकट नाही, मध्यरात्री साखर उतरली तर दार ठोठवायला टूर मॅनेजर, या गोष्टी फार मोलाच्या आहेत. ज्यांना एकट्याने स्टेशन शोधायच्या नुसत्या विचाराने झोप लागत नाही, त्यांनी बेलाशक टूरनेच जावं. फक्त नऊऐवजी दोन-तीन देशांची घ्यावी. आजकाल नुसत्या इटलीच्या, नुसत्या स्वित्झर्लंडच्या, ऑस्ट्रिया-हंगेरी-चेकच्या टूरही निघतात. कंपनीला चार गोष्टी विचाराव्यात : हॉटेल शहराच्या मध्यापासून किती लांब, एका ठिकाणी सलग किती रात्री, कोणत्या जागी आत प्रवेश, आणि दिवसाला बसमध्ये किती तास. उत्तरं लेखी मागावीत.

तुमच्या यजमानांना नऊ देशांचा मोह सुटतच नसेल तर आणखी एक वाट आहे. सहल रोमला संपते. कंपनीला आत्ताच विचारा, की आमचं परतीचं तिकीट चार-पाच दिवस पुढचं काढाल का. काही कंपन्या काढून देतात. रोमहून फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने दीड तासावर आहे. बाकीचे लोक मुंबईला जातील, तुम्ही दोघं फ्लॉरेन्सला. पण हे व्हिसाचा अर्ज भरायच्या आधी ठरलं पाहिजे, कारण विम्याच्या तारखा, राहण्याचं बुकिंग, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, सगळंच त्यावर ठरतं. आणि एक शंका मला आहेच. दोन आठवडे बसमध्ये काढून दमलेल्या गुडघ्यांनी तुम्ही फ्लॉरेन्सला पोहोचाल. जिथे सगळ्यात जास्त उमेद हवी, तिथेच ती कमी पडेल.

म्हणून माझी पसंती थोडेच देश, मुक्काम लांब आणि मधला प्रवास रेल्वेने, याला. आता त्या देशांची ओळख करून देते. सगळ्यांची नाही, पहिल्यांदा जाणाऱ्याने ज्यांचा विचार करावा तेवढ्यांचीच.

इटली तुमच्या मनात आहेच. शाकाहाऱ्याला युरोपात सगळ्यात कमी त्रास याच देशात होतो. टोमॅटो-तुळशीचा पिझ्झा, आराबियाता पास्ता, भाजलेली वांगी, फोकाच्या नावाचा जाडसर पाव, कुठेही मिळतं. सूपमध्ये मात्र मांसाचा रस्सा असू शकतो, विचारून घ्या. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा अर्क) असतं, ते चालत नसेल तर आधीच नको म्हणायचं. रोमला कोलोझियम आणि फोरम, म्हणजे चालणं भरपूर आणि दगड उंचसखल. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. व्हेनिसला गाड्या नाहीत हे ऐकायला छान वाटतं, पण चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. बॅग ओढत तिथे मुक्कामाला जाण्यापेक्षा फ्लॉरेन्सहून सकाळच्या रेल्वेने जाऊन संध्याकाळी परत यावं, सव्वादोन तास लागतात.

फ्लॉरेन्सला चार-पाच दिवस राहा. मध्यवर्ती भाग एवढा लहान आहे की सगळं चालत होतं, दमलं की चौकात बसायचं. तिथल्या कॅथेड्रलवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ मध्ये पुरा झाला. त्यावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. तुम्ही चढू नका, यजमानांना जाऊ द्या. तुम्ही खाली बाप्तिस्त्रीच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या इमारतीच्या, कांस्य दरवाजांपुढे उभ्या राहा, ते बघायलाच अर्धा तास पुरत नाही. (मूळ पट शेजारच्या कॅथेड्रल संग्रहालयात जपलेत, तिथे लिफ्ट आहे.) उफित्झी हे चित्रसंग्रहालय आणि अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. दोन्हींची तिकिटं वेळेसकट लेकीला घरूनच काढायला सांगा, आणि दोन्ही एकाच दिवशी नकोत. उफित्झीत बोत्तिचेल्लीच्या खोलीपर्यंत पोहोचेस्तोवर पाय बोलायला लागतात.

फ्लॉरेन्सला आणखी एक जागा आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाने ती चुकवू नये. छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे करवीरच्या गादीवरचे दुसरे राजाराम, १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्येच त्यांचं निधन झालं. वय जेमतेम वीस-एकवीस. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर हिंदू पद्धतीने त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. त्या ठिकाणी छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, १८७४ पासून. जवळचा मोटारींचा पूलसुद्धा त्यांच्यामुळेच ‘भारतीयाचा पूल’ म्हणून ओळखला जातो. जागा कास्चिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे आणि उद्यान साडेतीन किलोमीटर लांब, तेव्हा टॅक्सी करा आणि परतीलाही थांबवून ठेवा. सकाळी गेलात तर धावायला आलेले लोक आणि सायकली सोडल्या तर फारशी गर्दी नसते. पुतळ्यावर रंग आहेत, फेटा आहे, दागिने आहेत. नऊ देशांच्या कुठल्या टूरमध्ये हे असणार?

आता यजमानांचा बर्फ. स्वित्झर्लंड महाग आहे हे खरं, पण तिथे पैसे वाचवायची जागा म्हणजे हॉटेलातलं जेवण. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, सुपरमार्केटमधून भाजी, दही, पाव आणा, घरून नेलेल्या मसाल्यात खिचडी टाका. रविवारी स्टेशनवरची सोडली तर बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच भरून ठेवायचं. मुक्कामाला लाउटरब्रुनेनचं खोरं सांगेन. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि गावाच्या डोक्यावर जवळजवळ तीनशे मीटरवरून पडणारा श्टाउबाख धबधबा. पाणी खाली येईपर्यंत त्याचे तुषार होतात आणि वारा असला की ते बाजूला उडत जातात. इथून युंगफ्राउयोख या बर्फातल्या खिंडीला जाता येतं. तिथलं स्टेशन ३,४५४ मीटरवर, रेल्वे १९१२ सालची, शेवटचा टप्पा डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून. एवढ्या उंचीवर यजमानांना चालेल का, हे डॉक्टरांना आधी विचारा. वर गेल्यावर घाई करायची नाही, चक्कर आल्यासारखं वाटलं तर बसायचं, नाही थांबलं तर पुढच्या गाडीने खाली यायचं.

एका जागी चार दिवस राहायचा सगळ्यात मोठा फायदा इथे कळतो. टूरमध्ये डोंगरावर जायची तारीख महिने आधी ठरलेली असते. त्या दिवशी धुकं असलं तर वर गेल्यावर चहूकडे पांढरं, पुढे काही दिसत नाही, आणि तिकिटाचे पैसे गेलेले. मुक्कामी असलात की सकाळी उठून फोनवर शिखरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघायचं. ऊन असेल तर निघायचं, नसेल तर त्या दिवशी बोटीने तळ्यात फिरायचं. तिकडच्या रेल्वे-बोटींसाठी हाफ फेअर कार्ड आणि स्विस ट्रॅव्हल पास असे दोन प्रकार आहेत. रोज हिंडणार असाल तर पास, एक-दोनच मोठे डोंगर करणार असाल तर बहुधा कार्ड परवडतं. लेकीला हिशोब मांडायला सांगा.

यजमानांना देश मोजायचेच असतील तर व्हिएन्ना धरून बसा. व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा रेल्वेने तासाभरावर, म्हणजे स्लोव्हाकिया. बुडापेस्ट पावणेतीन तास, म्हणजे हंगेरी. प्राग चार तास, म्हणजे चेक. धावपळ न करता चार देश, खर्चही स्वित्झर्लंडपेक्षा बराच कमी, ट्राममध्ये चढायला सोपं. आणि तुमच्यातल्या शिक्षिकेला सांगते, तुर्कांचा व्हिएन्नाचा वेढा १२ सप्टेंबर १६८३ ला उठला. त्याच वर्षी इकडे संभाजी महाराज पोर्तुगिजांशी लढत होते. तुर्कांच्या पकडलेल्या तोफा वितळवून श्टेफान कॅथेड्रलची मोठी घंटा ओतली होती. १९४५ मध्ये ती फुटली, तेव्हा तिच्याच धातूतून नवी केली. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसमध्ये एक कॉफी मागवली की धातूच्या छोट्या तबकात पाण्याचा ग्लासही येतो, आणि तासभर बसलात तरी कुणी ऊठ म्हणत नाही. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे.

बाकीचे थोडक्यात. पॅरिस सुंदरच आहे, पण मेट्रोच्या जिन्यांमध्ये पायांचा कस लागतो. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. फ्रेंच राज्यक्रांतीतला बास्तीयचा किल्ला मात्र शोधू नका. १७८९ नंतर तो पाडून टाकला, आता तिथे चौक आणि खांब आहे, आणि खांबही १८३० च्या क्रांतीच्या स्मरणाचा. नेदरलँड्स सपाट, इंग्रजी सगळ्यांना येतं, ट्यूलिप बघायचे तर एप्रिलच्या मध्यावर. ॲन फ्रँकच्या घराचे जिने फार उभे आहेत, तुमच्यासाठी नको. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊच्या आत क्वचित मिळतं, मधुमेह्याला ते अडचणीचं. लिस्बनला वास्को-द-गामाची कबर आहे, गोव्याच्या इतिहासात रस असलेल्यांनी जरूर जावं, पण शहर सगळं चढउतारांचं. ब्रिटनला वेगळा व्हिसा लागतो, या वेळी त्याच्या वाटेला जाऊ नका.

तुमच्यासाठी मी आखणी करीन ती अशी : मुंबईहून रोम, तिथे चार रात्री. मग फ्लॉरेन्स पाच. मग मिलानवरून रेल्वेने सिम्प्लॉनच्या बोगद्यातून स्वित्झर्लंड. मिलान ते श्पीत्झ पावणेतीन तासांच्या आसपास, तिथून लाउटरब्रुनेन आणखी तासभर. तिथे चार रात्री, शेवटची रात्र झुरिकला, आणि परतीचं विमान तिथूनच. पुन्हा रोमला यायचं नाही, तिकीट काढतानाच जायचं एका शहरात आणि यायचं दुसऱ्या शहरातून असं काढायचं. फ्लॉरेन्सचे दिवस तुम्ही आखा, स्वित्झर्लंडचे यजमानांनी. एकमेकांच्या दिवसांत फार ढवळाढवळ करायची नाही.

मे महिन्यात जाऊ नका. शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपल्याकडची सगळी गर्दी आणि सगळे वाढीव दर तेव्हाच असतात. तुम्हाला आता सुट्टीचं बंधन नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रोम-फ्लॉरेन्सला ३५ अंशांच्या वर पारा जातो. गौरी-गणपती आटोपले की निघा. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचे पहिले दिवस तिथे हवा चांगली असते.

व्हिसासाठी शेंगेन गटात आज २९ देश आहेत, त्यात इटली आणि स्वित्झर्लंड दोन्ही येतात. एकाच व्हिसात सगळीकडे फिरता येतं. जास्त रात्री जिथे, त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे तुमच्या बाबतीत इटलीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. तुम्ही तीन महिने आधी तरी भेटीची वेळ मिळवा, कारण वेळ मिळण्यातच आठवडे जातात. शुल्क माणशी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवाखर्च. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मधुमेह लपवून विमा घेऊ नका. आधीपासूनच्या आजाराला संरक्षण देणारा घ्या, थोडा महाग पडला तरी. दोघांनाही बोटांचे ठसे द्यायला जातीने जावं लागतं. टूर कंपनीकडून सहल घेतलीत तर वर टीसीएस (कंपनीने आधीच घ्यायचा कर) भरावा लागतो, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. यजमान बँकेतलेच, त्यांना हे सांगायला नको.

खाण्याचं नीट ऐका, कारण इथे बरेच लोक फसतात. दूध आणि मांस यांचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नकोत, तूप नको, तुपातले लाडू नकोत. आंबेही नकोत. भडंग, मेतकूट, कोरड्या चटण्या, दूध न घालता केलेल्या तेलातल्या दशम्या, तयार उपमा-पोह्याची पाकिटं चालतात. इटलीत दुपारी तीन ते संध्याकाळी सात पुष्कळ उपाहारगृहांचं स्वयंपाकघर बंद असतं, म्हणून यजमानांच्या खिशात भडंगाची पुडी आणि एखादी साखरेची गोळी कायम असू द्या. औषधं, इन्सुलिन असेल तर तेही, हातातल्या बॅगेत आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. गोळ्या आठवडाभर जास्तीच्या न्या.

बोलण्याची भीती तुम्ही लिहिलीत. फ्लॉरेन्सच्या भाजीवाल्यालाही इंग्रजी बेताचंच येतं, तेव्हा तुम्ही आणि तो बरोबरीनेच सुरुवात कराल. आम्ही शाकाहारी आहोत, मांस, मासे, चिकन काही नको, अंडं चालतं की नाही, एवढं इटालियनमध्ये छापून लेकीकडून एक कार्ड करून घ्या. दुकानात शिरताना आधी ‘बोन्जोर्नो’ म्हणायचं, मग काय हवं ते बोट दाखवून. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपये की युरो असं विचारतं, तिथे युरो दाबा, रुपयांत दर वाईट लागतो. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, म्हणून खोली घेताना ‘लिफ्ट आहे’ असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या. विमानाचं तिकीट काढताना दोघांसाठी व्हीलचेअरची सोय मागून ठेवा, त्याचे पैसे पडत नाहीत आणि मोठ्या विमानतळांवरची लांबलचक चाल वाचते. यात कमीपणा वाटायचं काही कारण नाही. माणशी एकच बॅग, चाकांची, आणि ती स्वतःला उचलून रेल्वेत चढवता आली पाहिजे. घरात आधी जिन्यावरून चढवून बघा. गुडघ्यांसाठी आत्तापासून रोज रंकाळ्याला चालायला जा, आणि नवे बूट घेतलेत तर ते निघायच्या दोन महिने आधी घालायला काढा.

आणि पासपोर्ट आजच कपाटातून काढून बघा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने तो चालू हवा, दहा वर्षांहून जुना नको, दोन पानं कोरी हवीत. बँक खात्यावरचं, पॅनवरचं आणि पासपोर्टवरचं नाव सारखं आहे का तेही बघा. लग्नाआधीचं नाव एका ठिकाणी आणि नंतरचं दुसऱ्या ठिकाणी असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, आणि ते काम व्हिसाच्या आधी उरकलेलं असलं पाहिजे.